अर्ध्या वितीचा राक्षस



परवाच पोळा झाला. आमच्या देवघराच्या फळीवर काळ्या मातीची बैलजोडी मांडली होती आणि तिच्या शेजारी, जागा नव्हती म्हणून, तीन राक्षस उभे होते. बैलांना हळदीकुंकू वाहून झाल्यावर आमच्या मंडळींनी विचारलं, "अहो, यांनाही नैवेद्य दाखवायचा का?"

राक्षस माझ्या भाच्याचे. तो मूळचा सेलूचा, शिकायला पुण्यात. मे महिन्यात आला तो खोक्यात करड्या प्लॅस्टिकचे हे बाहुले घेऊन. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर चित्रकला शिकवली. एवढे रंगवून द्या ना."

हे बाहुले एका खेळाचे आहेत. पाच-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक सोंगं घेतात. भारुडाच्या गावात वाढलेल्या माणसाला सोंग म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथं सोंगाचं पुढं काय होणार हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच मोहीम अशी महिनोन्‌महिने चालते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ पहिल्यांदा छापला. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सुरुवातीला त्यांच्याकडंही राक्षसांचे धड बाहुले नव्हते. हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पाकिटात जी वेडीवाकडी जनावरं निघाली, त्यांनाच गायगॅक्सनं गोष्टीतले राक्षस केलं. त्यातलंच एक लोखंडाचा गंज करून खाणारं जनावर पुढं जगभर प्रसिद्ध झालं.

या खेळाच्या पटावर एक इंच म्हणजे पाच फूट. माणसाचा बाहुला साधारण सव्वा इंचाचा. बर्फाळ प्रदेशातला राक्षस गोष्टीत एकवीस फुटांचा, म्हणजे टेबलावर जेमतेम अर्ध्या वितीचा. खरी पंचाईत इथं आहे. अर्धी वीत ही काही भीती वाटावी अशी उंची नव्हे. तिला एकवीस फूट करायचं काम रंगाचं.

पहिला राक्षस मी बिघडवला. आमच्या लहानपणी आम्ही मातीच्या बैलाला आधी चुन्याचा पांढरा हात द्यायचो, वर गेरू, शिंगांना हिंगूळ, आणि डोळे चांगले टपोरे. तीच सवय हाताला. राक्षसाचे डोळे मी असे पाणीदार काढले, की भाचा म्हणाला, "मामा, हा आत्ताच रडून आल्यासारखा दिसतोय." खरंच होतं. डोळा मोठा झाला की चेहरा लेकराचा होतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या पोरांना मी हेच सांगत आलो होतो, आणि स्वतः विसरलो. राक्षसाचा डोळा टाचणीच्या टोकाएवढा हवा. जितका बारीक, तितकं धड अवाढव्य.

मग आठवला वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण. शाळेच्या सहलीला आपण सगळेच तिथं गेलो आहोत. कैलास पर्वत हलवणारा तो रावण वरच्या शंकर-पार्वतीच्या खाली, खोल खोदलेल्या कपारीत आहे. त्याच्या भोवतीचा अंधार खरा आहे. दगडात खोल गेल्यामुळं तो आपोआप पडलेला आहे. त्या अंधारानं रावणाला वजन दिलं. अर्ध्या वितीच्या बाहुल्यावर मात्र तो अंधार पडत नाही. ट्यूबलाइटखाली त्याच्या काखेत, दाढीत, कातड्याच्या घड्यांत सावली इतकी पुसट पडते, की तो साबणाच्या वडीसारखा सपाट दिसतो. म्हणून सावली रंगवावी लागते. अस्तर काळं द्यायचं. मूळ रंगाचा हात वाळला, की अगदी पातळ, गढूळ पाण्यासारखा काळपट रंग वरून सोडायचा. तो आपला आपण खाचांत जाऊन बसतो. मग कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा करून, फिका रंग नुसता उंचवट्यांवर घासायचा. पायाशी गडद आणि डोक्याकडं फिकट ठेवत गेलं, तर नजर डोंगर चढावा तशी वर चढते.

सांगायला सोपं आहे. परभणीच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ताटलीतून बाहुल्यापर्यंत पोचेपर्यंत वाळतो. पंखा लावावा तर आणखी लवकर. शेवटी माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं ताटलीत पसरलं, त्यावर बटर पेपर ठेवला आणि रंग त्यावर घेतले. अडीच-तीन तास टिकले.

तरी तिसरा राक्षस लहानच दिसत होता. तेव्हा आगपेटीच्या काड्या आणि पुठ्ठा घेऊन रुपयाच्या नाण्याएवढं बैलगाडीचं चाक केलं, एक आरी मोडली आणि ते त्याच्या पायाशी चिकटवलं. झालं! ज्याला गाडीचं चाक ठाऊक आहे, त्याला तो राक्षस वेशीवरच्या कडुलिंबाएवढा वाटणार. माझ्या मते कुठल्याही रंगापेक्षा त्या चाकानं जास्त काम केलं. मोठेपण शेजारच्या वस्तूवरून ठरतं, आणि ती वस्तू ओळखीची लागते. पुण्यातली पोरं ते चाक काय म्हणून ओळखतील, याची मला थोडी शंका आहे. पण भाचा सेलूचा आहे.

नैवेद्य बैलांनाच दाखवला. दुसऱ्या दिवशी राक्षस वर्तमानपत्रात गुंडाळून पुण्याला रवाना केले. चौथा अजून माझ्याकडं आहे. त्यांची मोहीम दिवाळीच्या सुमारास त्याच्यापर्यंत पोचेल, असं भाच्यानं फोनवर कळवलंय. त्याला काळं अस्तर देऊन झालंय. डोळे शेवटी काढणार आहे.