फुप्फुस बदलल्यानंतरचं घर



फुप्फुसाचं प्रत्यारोपण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येतं. त्याबद्दल थोडक्यात सांगते. 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी पहिल्यांदा माणसाला दुसऱ्याचं फुप्फुस बसवलं. तो रुग्ण 18 दिवस जगला. पुढची वीस वर्षं बहुतेक अपयशातच गेली. 1983 मध्ये टोरांटोला डॉ. जोएल कूपर यांच्या पथकाचा रुग्ण मात्र सहा वर्षांहून अधिक जगला. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवदानाची वाट खुली झाली. विदर्भातलं त्याचं समन्वयाचं काम नागपूरचं केंद्र पाहतं. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेची मोठी ठिकाणं म्हणजे चेन्नई, हैदराबाद, मुंबई. पहिले तीनेक महिने तिथेच खोली घेऊन राहावं लागतं.

मला बोलायचं आहे ते त्यानंतरचं. माणूस घरी येतो, भेटायला आलेले लोक निघून जातात आणि बायको किंवा नवरा एकटा उरतो, तिथपासूनचं. मी श्वसनाच्या फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे अशी घरं जवळून पाहिली आहेत.

शरीर नव्या फुप्फुसाला परकं समजतं. त्याने हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवतात, आणि तीही जन्मभर. टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी. घरात लग्न असो की मयत, वेळ चुकवायची नाही. रक्तातलं तिचं प्रमाण तपासायच्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटा येतो आणि त्या खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो. पपनस खायचं नाही, त्याने औषध रक्तात वाढतं. टीबीच्या रिफाम्पिसिनने उलट ते झपाट्याने घसरतं. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी साधी अँटिबायोटिक लिहून दिली तरी आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. आणि गुळवेलीचा काढा? कोविडपासून तो घरोघरी पोचला आहे. शेजारच्या काकू मायेने आणून देतात. त्यांना हात जोडून नाही म्हणा. जी ताकद आपण औषधं देऊन दाबतो आहोत, तीच वाढवायला निघालो तर फुप्फुस हातचं जाईल.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. दिवाळीच्या मागेपुढे मळणी सुरू होते, अंगणात तणसाचे ढीग लागतात, तुमसर-मोहाडीकडे राइस मिलचा कोंडा हवेत उडतो. ओलसर तणसात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिचे कण तुमच्या-माझ्या नाकातून रोज जातात आणि काही होत नाही. या माणसाच्या फुप्फुसात मात्र ती ठाण मांडते. म्हणून ढीग घरापासून लांब हलवा, शेणखताला त्याचा हात लागू देऊ नका, मळणीच्या दिवसांत त्याला खळ्यावर नेऊ नका. जन्मभर शेती केलेल्या माणसाला हे सांगणं फार जड जातं. ऑपरेशनला न घाबरलेली माणसं खळं सुटलं म्हणून रडताना मी पाहिली आहेत. त्या वेळी बायकोने समजूत घालत बसू नये, नुसतं जवळ बसावं.

दुसऱ्याचं फुप्फुस जोडताना त्याचे मज्जातंतू जोडता येत नाहीत. खाली कफ साठला तरी कळत नाही आणि खोकला आपोआप येत नाही. छातीशी उशी घट्ट धरून ठरवून खोकावं लागतं. रोज सकाळी ताप, वजन, बीपी, साखर आणि स्पायरोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. फुंकरीचा आकडा नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी घसरला आणि दुसऱ्या दिवशीही वर आला नाही, तर लगेच फोन. ताप असेल तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही. ‘बरं वाटतंय ना, बघू सोमवारी’ या एका वाक्याने फार नुकसान केलं आहे.

मग स्वभाव. प्रेडनिसोलोनने झोप उडते, चेहरा सुजतो, राग नाकावर येतो. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. एका घरी यजमान चहा घेत होते आणि कपबशी खडखड वाजत होती. बाईंनी काही न बोलता आत जाऊन तोच चहा स्टीलच्या पेल्यात अर्धा भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. पाजला नाही. मला वाटतं, जोडीदाराचं सगळं काम त्या अर्ध्या पेल्यात होतं. गोळ्यांचा डबा त्याने भरावा, तुम्ही फक्त तपासावा. वही त्याने लिहावी. ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवडे वजन उचलायचं नाही, पण त्यानंतरही बादली तुम्हीच उचलत राहिलात तर तो माणूस आजारीच राहील.

बायको रुग्ण असते तेव्हा नवऱ्यांनी सासूला किंवा मेहुणीला बोलावून मोकळं होऊ नये. गोळ्या, वही, फोन हे स्वतः शिकावं. हे मी मुद्दाम आग्रहाने सांगते.

आणखी एक अवघड गोष्ट. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्मे रुग्ण साधारण सहा-सात वर्षांहून जास्त जगतात आणि निम्मे त्याच्या आत जातात. जोडीदाराच्या मनात हा आकडा सतत असतो. त्यावर दोघांनी एकमेकांशी बोलावं. लपवल्याने दोघंही एकाच छताखाली एकटे पडतात.

आता तुम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नातेवाइकांना सांगते. पेशंटला भेटायला फळं घेऊन घोळक्याने जाऊ नका. सर्दी असेल तर उंबऱ्यावरूनच परत फिरा. त्याऐवजी बँकेची रांग, गॅसचा नंबर, मुलांची शाळा, धानाचे चुकारे मिळवणं यांतलं एखादं काम उचला. आठवड्यातून एक दुपार तुमच्यातल्या एकाच विश्वासू माणसाने मास्क लावून पेशंटजवळ थांबावं आणि त्याच्या बायकोला बाहेर पाठवावं. तिचाही बीपी कित्येक महिन्यांत कुणी मोजलेला नसतो, त्या दुपारी तो मोजून घ्या.