ट्रिगर मोड्यूल घेताना
(वादक सभासदांपुढील भाषण)



वाद्यवृंदासाठी वर्गणीतून ट्रिगर मोड्यूल घ्यायचे, तर पैसा योग्य जागी लागावा. ड्रमच्या कडेवरचा ट्रिगर ठोक्याची कंपने विजेच्या संकेतात बदलतो. मोड्यूल त्यावर साठवलेला आवाज काढते. आवाजांची संख्या शेवटी पाहावी. आधी ड्रम मोजा. रोलँडच्या टीएम-२ ला २ इनपुट आहेत, टीएम-६ प्रोला ६. फक्त बेस ड्रम व स्नेअरला जोड हवी असेल, तर २ पुरेत.

मग आपलेच ड्रम दुकानात नेऊन वाजवा. हळुवार ठोका हरवू नये, एकाचे दोन होऊ नयेत, शेजारचा ड्रम न वाजवता बोलू नये. यासाठी थ्रेशोल्ड, रीट्रिगर व क्रॉसटॉक प्रत्येक ड्रमला वेगळे लावता यावेत. नाहीतर शेकडो आवाज असूनही ऐन कार्यक्रमात ताल बिघडेल.

गणपती बाप्पा मोरया!