पार्किन्सन्स : माहिती आणि आधार

पार्किन्सन्सचे निदान एखाद्या रक्तचाचणीने होत नाही. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला चालायला लावतात, बोटांची उघडझाप करायला सांगतात, मनगट हलवून ताठरपणा पाहतात आणि हकीकत ऐकतात. त्यामुळे सर्वांत मोलाची माहिती घरातच असते. अक्षर बारीक कधी झाले, वास येणे कधी कमी झाले, झोपेत हातपाय झाडणे कधी सुरू झाले, हे सांगू शकतात ती घरचीच माणसे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले ते कंपावरून. पण प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही. हालचाल मंदावणे हे मुख्य लक्षण. डोपामिन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी घटत गेल्याने ते उद्भवते.

निदानानंतर खरी गरज असते ती वेळांच्या नोंदीची. लेव्होडोपा या औषधाची गोळी किती वाजता घेतली, हालचाल कधी मोकळी झाली, असर कधी ओसरला, हे आठवडाभर लिहिलेली साधी वही तपासणीच्या दहा मिनिटांत फार कामाला येते. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने अनेकांच्या बाबतीत गोळीचा असर कमी करतात, म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घेण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. गोळी मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो; तेव्हा तिचे चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड लक्षणे वाढवते, हे फॅमिली डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवावे. दुसऱ्या कारणाने इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर गोळ्यांच्या वेळांचा कागद सोबत असलाच पाहिजे.

औषधाने न भागणारे बरेच काही उरते. दारात पाय खिळतात, आवाज खोल जातो, चेहरा भावहीन दिसतो आणि नातेवाईक त्याला राग समजतात. इथे त्याच वाटेवरची माणसे भेटणे फार आवश्यक. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. दोघेही सभांना येतात. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आधारगट चालवते. तिथे व्यायाम होतात, आवाजाचा सराव होतो आणि कुटुंबीयांशीही बोलणे होते. पायांना ताल मिळाला की खिळलेले पाऊल पुष्कळदा सुटते, म्हणून संगीतावरच्या हालचालींनाही महत्त्व आहे.

शुभंकराकडे मात्र समाजाचे अजून पुरेसे लक्ष नाही. बहुतेक घरांत ती पत्नी किंवा सून असते, रात्री कूस वळवायलाही तीच उठते. आठवड्यातून काही तास तिची जागा दुसऱ्या कुणी घेणे ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तपासणी अधिकृत सरकारी रुग्णालयात होते. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले लागते, म्हणून तपासणीला जाताना जुने केसपेपर आणि ती नोंदवही न्यावी.