सरोवराच्या प्रकृतीचे साक्षी

सरोवराची प्रकृति ठीक आहे किंवा नाहीं, हें कशावरून ओळखावें? सामान्य मनुष्य पाण्याच्या रंगावरून व वासावरून निर्णय देतो. रसायनशास्त्रज्ञ बाटलीभर पाणी प्रयोगशाळेंत नेतो. दोघांचाहि निर्णय त्या घटकेपुरता. रात्रीं एखाद्या कारखान्यानें घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर दुपारीं भरलेल्या बाटलींत तिचा मागमूसहि लागत नाहीं. मासा मात्र तेथें रात्रंदिवस राहतो, आणि तोहि वर्षानुवर्षें. त्याला खावयास काय मिळतें, अंडीं घालण्यास जागा उरली आहे कीं नाहीं, पिलें किती जगतात, या सर्वांचा हिशेब माशांच्या समाजांत उमटलेला असतो. समाज हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. एकटा मासा फारसें कांहीं सांगत नाहीं.

उत्तर अमेरिकेंतील ईरी सरोवराची कहाणी या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तेथील पांच महासरोवरांपैकीं हें सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी १९ मीटर. कांठावर क्लीव्हलंड, टोलेडो, बफेलो यांसारखीं शहरें वसलेलीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, व त्यानंतरहि कांहीं वर्षें, तेथील मासेमारीच्या वह्या पाहून कोणाचेंहि समाधान झालें असतें. दरसाल सुमारें पांच कोटि पौंड मासळी निघे. कधीं थोडी अधिक, कधीं थोडी उणी. बेरीज पाहणाऱ्यास सरोवर धडधाकट वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु बेरजेच्या वरच्या ओळी वाचल्या म्हणजे चित्र पालटतें. सिस्को नांवाचा थंड पाण्यांतला मासा १९२५ च्या सुमारास एकाएकीं ओसरला. पुढें व्हाइटफिश विरळ झाला. निळा पाइक १९५५ च्या सुमारासहि जाळीं भरभरून येत होता; पुढील पांच-सहा वर्षांत तो जवळजवळ दिसेनासा झाला, आणि १९८३ सालीं तो नामशेष झाल्याचें सरकारी रीतीनें जाहीर करण्यांत आलें. त्यांच्या जागीं स्मेल्ट, पिवळा पर्च, ड्रम आणि कार्प वाढले. घरांतलें सोनें जाऊन तितक्याच वजनाचें पितळ यावें आणि तराजूला तें कळूंहि नये, तसा हा प्रकार झाला.

असें कां व्हावें? रीगिअर आणि हार्टमन यांनीं या सरोवराच्या दीडशें वर्षांच्या उलथापालथीचा आढावा १९७३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं एकाच आरोपीवर सारा ठपका ठेवला नाहीं, हें योग्यच झालें. बेसुमार मासेमारी, बुजविलेल्या दलदली, बाहेरून शिरलेल्या जाती, विषारी द्रव्यें आणि सांडपाण्यांतून येणारा स्फुरद, असे अनेक दोषी होते. यांतील स्फुरदाचें काम मोठें कपटी. तो शेवाळाचें खत. शेवाळ माजतें, मरतें, तळाशीं जाऊन कुजतें आणि कुजतांना तेथील प्राणवायु खाऊन टाकतें. उन्हाळ्यांत वरचें ऊन पाणी व खालचें थंड पाणी एकमेकांत मिसळत नाहीं. त्यामुळें तळाला नवा प्राणवायु मिळत नाहीं. थंड पाण्याच्या माशाला मग वर उकाडा आणि खालीं गुदमरणें, एवढेंच उरतें. सप्टेंबर १९५३ मध्यें उष्ण व वारा पडलेल्या दिवसांनंतर सरोवराच्या पश्चिम भागांत तळच्या चिखलांतील एका क्षणजीवी माशीच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मेलेल्या आढळल्या. या अळ्या म्हणजे माशांचें आवडतें अन्न. ही माशी तेथें पुन्हां दिसूं लागण्यास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं.

माशाच्या अंगावरचीहि खूण असते. लोरेन शहरापाशीं ईरीला मिळणाऱ्या ब्लॅक नदींत तळाशीं वावरणाऱ्या मार्जारमत्स्यांच्या यकृतांत गांठी सांपडत. कांठचा कोळसा भाजून कोक करण्याचा कारखाना १९८३ सालीं बंद झाला आणि कांहीं वर्षांत गांठींचें प्रमाण पुष्कळ उतरलें. पुढें तळचा दूषित गाळ उपसतांना तो ढवळला गेला, तेव्हां तें पुन्हां चढलें. गाळ निघून गेल्यावर परत उतरलें. इतकी चोख साक्ष न्यायालयांतहि क्वचितच मिळते.

अशा खुणांना मापांत बसविण्याचें काम जेम्स कार या शास्त्रज्ञानें १९८१ सालीं केलें. तें अमेरिकेंतील ओढ्या-नद्यांसाठीं होतें. सरोवरांना तें पुढें जुळवून घेण्यांत आलें. जाती किती, नाजूक जाती किती, शिकारी मासे किती, मिळेल तें खाणारे किती, रोगट किती, अशा बारा बाबींना प्रत्येकीं १, ३ किंवा ५ गुण. त्याच प्रदेशांतील कमींत कमी बिघडलेल्या पाण्याशीं तुलना करून हे गुण देतात. म्हणून बेरीज १२ पासून ६० पर्यंत येते. युरोपांत सरोवरांसाठीं उभें जाळें वापरतात. तें ३० मीटर लांब असून त्यांत ५ पासून ५५ मिलिमीटरपर्यंतचे बारा निरनिराळे डोळे असतात. एकाच मापाचा डोळा एकाच बेताचा मासा धरतो, आणि मग पिलांची हकीकत कळत नाहीं.

या मापालाहि मर्यादा आहेत. अमेरिका व कॅनडा यांनीं १९७२ सालीं करार करून स्फुरद आवरला. ईरींतील वॉलाय हा मोलाचा मासा सांवरला, आणि २०१५ व २०१८ सालीं त्याची पैदास विलक्षण मोठी झाली. तरीहि ऑगस्ट २०१४ मध्यें विषारी शेवाळामुळें टोलेडोच्या सुमारें चार लक्ष लोकांना दोन-तीन दिवस नळाचें पाणी पिण्याची बंदी झाली होती. एका आवडत्या माशाच्या भरभराटीवर विसंबणें म्हणजे पुन्हां बेरजेवरच विसंबणें होय.

महाराष्ट्रांतील तळ्यांना हें माप लावतांना आणखी सावधगिरी हवी. रोहू, कटला, मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यांत वीण करणारे मासे; तळ्यांत ते बहुधा सोडलेल्या बीजामुळें असतात. तेव्हां त्यांची विपुलता बीज सोडणाऱ्याची हकीकत सांगते, पाण्याची नव्हे. चिलापी हा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं भारतांत आणला गेला. त्याला गढूळ, घाण पाणीहि चालतें. मरळ मासा तर पृष्ठभागीं येऊन हवाच घेतो. तळ्यांत मरळ आहे, एवढ्यावरून पाण्यांत प्राणवायु आहे असें ठरत नाहीं. साक्ष घ्यावयाची ती बाजारांत भाव नसलेल्या लहान देशी माशांचीहि, आणि लिलावाच्या वहींत त्यांची नोंद होत नसल्यामुळें ती मोजदाद निराळीच ठेवावी लागते.