एका मायक्रोफोनभोवती

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात विल्क्सबरो गावी एप्रिलच्या अखेरीस चार दिवस मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव भरतो. पुण्यात भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. विल्क्सबरोत बापाने मुलाच्या आठवणीसाठी गिटार हातात घेतली. हा बाप म्हणजे डॉक वॉटसन. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेलेली. मर्ल हा त्यांचा मुलगा आणि साथीदारही. १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला. त्याच्या नावाने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात बाग करायची ठरली, वासाने आणि स्पर्शाने अनुभवायची. तिच्या निधीसाठी १९८८ मध्ये जी मैफल झाली, तिचाच हा महोत्सव झाला.

डॉक यांच्या वादनाची कथा मला फार आवडते. तरुणपणी ते नाचाच्या बँडमध्ये होते आणि त्या बँडमध्ये फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, नव्हता. मग फिडलच्या भरधाव धुना ते गिटारवरच वाजवू लागले. त्यातून गिटारवादनाची एक अख्खी वाट तयार झाली. २०१२ मध्ये ते गेले.

पण या महोत्सवातला माझा सर्वांत आवडता संच डेल मकूरी यांचा. डेल यांचा जन्म १९३९ चा. ब्लूग्रास या अमेरिकी संगीतशैलीचे जनक बिल मन्रो यांच्याकडे ते १९६३ मध्ये बँजो वाजवायला म्हणून गेले. मन्रोंनी त्यांच्या हाती गिटार दिली आणि मुख्य गायक केलं. आज डेल यांच्या संचात मेंडोलिनवर त्यांचा एक मुलगा, बँजोवर दुसरा. सूट-टाय घातलेली ही माणसं अनेकदा एकाच मायक्रोफोनभोवती उभी राहतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, वाजवतो आणि बाजूला सरकतो. कोणी कोणाला धडकत नाही. कडव्याची ओळ आली की तिघे डोकी जवळ आणतात आणि डेल यांचा उंच, धारदार सूर वर चढतो. तबला नाही, ढोलकी नाही. मेंडोलिनचा तुटक आघात ठेका धरतो. आवाज कमी-जास्त करायला यंत्रावर कोणी लागत नाही, एक पाऊल मागे घेतलं की झालं. आपल्या भजनी मंडळात टाळकरी बुवांना जागा करून देतात ना, तीच समज इथे आहे.

बँजोविषयी एक सांगायलाच हवं. हे वाद्य मूळचं गोऱ्यांचं नव्हे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ते अमेरिकेत घडवलं. कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या कृष्णवर्णीय तरुणांच्या संचाने मेबेन गावच्या वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन, शेजारी बसून फिडल-बँजोचं जुनं वादन उचललं. रियानन गिडन्स त्याच संचातल्या. त्यांचा बँजो ऐकताना हा इतिहास विसरू नका.

पुढच्या एप्रिलमध्ये घडीच्या खुर्च्या घ्या, मुलांना घ्या आणि मर्लफेस्टला या. मोठ्या मंचाआधी लहान मंचांसमोर बसा. तिथे कलाकाराची बोटं दिसतात.