बोरी अरबचा कवी

दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब म्हणजे कपाशीच्या काळ्या मातीतलं गाव. कवी शंकर बडे यांचा जन्म इथला, 1947 सालचा. त्यांच्या कवितेला शेत, पाऊस आणि घरातल्या माणसांची बोली गावातूनच मिळाली. शाळेत प्रमाण मराठी शिकवली जायची. घरी, बांधावर, बाजारात मात्र वऱ्हाडी. बडे यांनी कवितेसाठी हीच वऱ्हाडी निवडली.

‘इर्वा’, ‘सगुन’, ‘मुगुट’ हे त्यांचे कवितासंग्रह. पण ते खरे पोचले ते कानांतून. ‘पावसानं इचीन कहरच केला’ ही त्यांची कविता कविसंमेलनांत लोक हक्कानं मागून घेत. कोरडवाहू शेतकऱ्याचं सारं वर्ष पावसावर टांगलेलं असतं, म्हणून त्या कवितेला हसणाऱ्यांच्याही पोटात कुठंतरी कालवायचं. ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगातून तर त्यांनी खेड्यातला माणूसच रंगमंचावर उभा केला.

वऱ्हाडी केवळ हसवण्यापुरती वापरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. बडे यांच्या वऱ्हाडीत हसू आहे, आणि शेतकऱ्याचं दुःखही तितक्याच ताकदीनं आहे. 2016 मध्ये ते गेले. दारव्ह्याच्या शाळांमधून त्यांची कविता मोठ्यानं वाचली जावी, अगदी तिच्या मूळ हेलासकट.