कासवाला सोबत हवी कशाला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा काही भाग)

श्रोतेहो, कायद्याचं आधी सांगून टाकतो. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरात पाळणं हा गुन्हा आहे, मग ते वास्तूला लाभो वा न लाभो. तेव्हा आजचं बोलणं ब्रिटनमधल्या हर्मन कासवांबद्दल. घरी पैदास केलेली त्यांची पिल्लं तिथे रीतसर कागदपत्रांनिशी विकत मिळतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची नातवंडंही हट्ट धरतात, आणि आजीच म्हणते, "अगं, एकटं कसं राहील ते? दोन घ्या."

दोन घेऊ नका.

हर्मनची मादी मातीत अंडी पुरते आणि चालू लागते. पिल्लं बाहेर येतात ती आईचं तोंडही न पाहता पांगतात. संशोधक एलिझाबेत्ता वेर्साचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या जोड्या लावून पाहिल्या. २०१८ साली ते काम प्रसिद्ध झालं. ओळखीच्या पिल्लाची कुणी दखलच घेतली नाही. अनोळखी दिसलं, तर आधी जवळ जाऊन चौकशी, मग सरळ दूर.

म्हणून कासव मठ्ठ असतं असं समजू नका. अ‍ॅना विल्किन्सन या संशोधिकेच्या प्रयोगात तांबड्या पायांची कासवं कुंपणाला वळसा घालून खाऊ गाठायला शिकली, तीही दुसऱ्या कासवाचं पाहून. याच बाईंनी कासवाला दुसऱ्याची जांभई लागते का, हेही तपासलं. लागत नाही. त्यावर त्यांच्या गटाला २०११चा इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचा पुरस्कार, मिळाला! दुसऱ्याचं पाहून शिकणं त्याला जमतं. सहवासाची ओढ मात्र नसते.

आता दोन पिल्लं एका पेटीत ठेवलीत, तर काय दिसेल? भांडण दिसणारच नाही, हीच पंचाईत. थोरलं धाकट्याच्या वाटेत आडवं उभं राहतं, त्याच्या मागे मागे फिरतं, पानांच्या ढिगावर चढून बसतं. घरातले म्हणतात, काय गट्टी आहे! दोघं दिव्याखाली एकमेकांवर चढून झोपली की फोटो निघतात. प्रेम कसलं, उबेची जागा एकच असते. धाकटं मग कोपऱ्यातल्या मातीत दडून राहतं. अंग तापलं नाही की कासवाला अन्न पचत नाही, भूक मंदावते, वाढ खुंटते. एकाच खेपेच्या अंड्यांतली दोन पिल्लं, आणि वर्षभरात एक दुसऱ्याच्या दुप्पट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन केलं, तर हे वेळीच कळतं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

पैदास करणारे पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवतात, ते खरं. तिथे त्रास एकट्याच्याच वाट्याला येत नाही, जागा मोठी असते आणि लक्ष ठेवणारा जाणता असतो. वेगवेगळ्या जाती मात्र एकत्र कधीच ठेवू नयेत. ग्रीक कासव नागीण या रोगाच्या विषाणूकुळातला विषाणू अंगात वागवूनही धडधाकट दिसू शकतं, आणि हर्मन त्यानेच दगावू शकतं.

दोन आधीच आणली असतील, तर पेट्या दोन, दिवे दोन, पाण्याच्या थाळ्या दोन. मोठ्या पेटीत मधे पडदी घालणार असाल, तर लाकडाची घाला. काच लावलीत, तर पलीकडचं पिल्लू दिसत राहतं आणि हे काचेला नाक घासत दिवसभर येरझारा घालतं.